यंत्राचें माघारीं वळणें

यंत्रांचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा तो जिन्याच्या पायऱ्यांसारखा लिहितात. घोडा गेला आणि वाफ आली, वाफ गेली आणि तेल आलें, तेलापाठोपाठ वीज आली. प्रत्येक पायरी मागच्या पायरीहून उंच, आणि एकदां वर चढलेला मनुष्य पुन्हां खालीं उतरत नाहीं, असें या लेखनांत न बोलतां गृहीत धरलेलें असतें. राजकीय इतिहासाविषयीं अशी भाबडी समजूत आतां कोणी सुशिक्षित मनुष्य बाळगीत नाहीं. राज्यें चढतात, पडतात, सोडून दिलेले मार्ग पुन्हां धरले जातात, हें आपण शाळेंतच शिकतों. मग यंत्रांचाच इतिहास तेवढा सरळ रेषेंत चालत असेल हें कशावरून?

हा प्रश्न मला ग्रंथालयांत सुचला असता तर त्यास कांहीं विद्वत्तेची शोभा आली असती. परंतु तो सुचला भिवंडींत, आग्रा रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्यें, पेट्रोलचा भपकारा नाकांत शिरत असतांना.

माझे एक स्नेही भिवंडीस राहतात. त्यांचे वडील कांहीं वर्षें जर्मनींत नोकरीस होते. परत येतांना त्यांनीं १९७० सालची एक फोक्सवागन १६०० गाडी बरोबर आणली. इंजिन गाडीच्या मागच्या बाजूस, तें पाण्यानें नव्हे तर हवेनें थंड होणारें. आणि त्या काळीं आपल्याकडे अपूर्व वाटावी अशी आणखी एक गोष्ट तिच्यांत होती. तिला कार्बुरेटर नव्हता. इंजिनास कोणत्या क्षणीं किती पेट्रोल द्यावयाचें हें एक विजेची पेटी ठरवी आणि त्याप्रमाणें फवारे उडवी. वडिलांच्या पश्चात् ही गाडी वीसेक वर्षें नुसती उभी राहिली. चार वर्षांपूर्वीं स्नेह्यांनीं ती पुन्हां चालूं करण्याचें मनावर घेतलें, तेव्हां ती पेटी मेलेली निघाली आणि ती जिवंत करणारा कोणी मिळेना. शेवटीं असें ठरलें कीं, इंजेक्शनची सारी योजना उतरवून ठेवावी आणि तिच्या जागीं दोन सोलेक्स कार्बुरेटर बसवावे. याच मालिकेंतील कित्येक गाड्या कारखान्यांतूनच दोन कार्बुरेटर घेऊन निघत असत, त्यामुळें भाग जुळण्याची चिंता नव्हती. “अडचण काय ती फक्त वायरिंगची,” असें मिस्त्री म्हणाले. त्या ‘फक्त’ या शब्दांत किती अर्थ भरला होता तें आम्हांस मागाहून कळलें.

तें समजण्यासाठीं थोडें मागें जाणें अवश्य आहे. कार्बुरेटरचें तत्त्व सांगण्यास वीज लागत नाहीं. हवा अरुंद गळ्यांतून वेगानें जाऊं लागली कीं तिचा दाब कमी होतो. त्या जागीं एक बारीक भोंक ठेवलें तर शेजारच्या वाटींतलें पेट्रोल आपोआप वर ओढलें जातें आणि तुषारांच्या रूपानें हवेंत मिसळतें. वाटींतली पातळी एक तरंगता गोळा व एक सुई राखतात. पाण्याच्या टांकीवरील बॉल-कॉकसारखीच ही व्यवस्था. १८९३ सालीं बुडापेस्ट येथें दोनात बांकी व यानोश चोंका यांनीं, आणि त्याच सुमारास जर्मनींत विल्हेल्म मायबाख यानें, असा तुषारांचा कार्बुरेटर सिद्ध केला. पुढें जवळजवळ नव्वद वर्षें जगांतील बहुतेक पेट्रोल मोटारी या एका युक्तीवर चालल्या.

विजेचा प्रवेश मोटारींत निराळ्या दारानें झाला. १९०२ सालीं रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यांत गॉटलोब होनोल्ड यानें उच्च दाबाचा मॅग्नेटो व स्पार्क प्लग तयार केला, आणि ठिणगीचा प्रश्न सुटला. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत चार्ल्स केटरिंग यानें दिवे, ठिणगी व इंजिन सुरू करणारी मोटर हीं तिन्ही कामें एकाच विजेच्या व्यवस्थेखालीं आणलीं. तेव्हांपासून बॅटरी, डायनामो, कॉइल, डिस्ट्रिब्यूटर आणि पॉइंट हें कुटुंब मोटारींत कायमचें नांदूं लागलें. परंतु पेट्रोल किती द्यावें या विषयांत त्या कुटुंबास बोलण्याचा अधिकार नव्हता. ठिणगी विजेची, पेट्रोल हवेच्या ओढीचें, अशी कामांची स्वच्छ वांटणी होती. म्हणून कार्बुरेटरच्या गाडीचें वायरिंग एका कागदावर काढतां येतें, आणि तें मनुष्याच्या डोक्यांतहि मावतें.

इंजेक्शनचें मूळ याहून वेगळें आहे. डीझेल इंजिनास तेल दाबानें आंत घालावेंच लागतें. त्यासाठीं बॉशच्या कारखान्यांत १९२७ पासून पंप मोठ्या संख्येनें होऊं लागले. तीच विद्या दुसऱ्या महायुद्धांत जर्मन विमानांच्या पेट्रोल इंजिनांत आली. इंग्रजांच्या मर्लिन इंजिनास मात्र कार्बुरेटर होता. विमानानें एकदम नाक खालीं करून सूर मारला कीं वाटींतलें पेट्रोल वर उसळे आणि इंजिन गुदमरे. शत्रूचें विमान तेवढ्या अवधींत निसटे. १९४१ सालीं फार्नबरो येथील संशोधनसंस्थेंतील बिअॅट्रिस शिलिंग या विदुषीनें पेट्रोलच्या वाटेंत भोंक पाडलेली एक लहानशी धातूची चकती बसविली आणि तो दोष पुष्कळसा आटोक्यांत आणला. शत्रूजवळ श्रेष्ठ यंत्र असतां आपलें जुनें यंत्र एका चकतीनें कामास लावणें, ही हार नव्हती.

युद्धानंतर १९५४ सालीं मर्सिडीझ-बेंझच्या ३०० एसएल या गाडींत इंजेक्शन आलें. तेंहि यांत्रिक, म्हणजे दट्ट्यांनीं चालणारें. विजेच्या हातीं पेट्रोलचा हिशेब सोपविण्याचें पहिलें मोठें धाडस अमेरिकेंत बेंडिक्स कंपनीनें केलें. तिची ‘इलेक्ट्रोजेक्टर’ नांवाची योजना क्रायस्लर कंपनीनें १९५८ सालच्या क्रायस्लर, डी सोटो, डॉज व प्लिमथ या गाड्यांवर देऊं केली. हीं नांवें आपणांस परकीं नाहींत. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा क्रायस्लरशींच करार होता आणि कुर्ल्याच्या कारखान्यांत १९४७ पासून याच घराण्यांतील गाड्या जुळविल्या जात होत्या. परंतु अमेरिकेंतील तो प्रयोग फसला. त्या काळचे विजेचे सूक्ष्म भाग उष्णतेंत व हादऱ्यांत तग धरीनात. सुमारे ३५ गाड्यांवर ही योजना बसली आणि त्यांपैकीं बहुतेकांवरून ती काढून कंपनीनेंच पुन्हां कार्बुरेटर चढविले.

ही गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. इंजेक्शनकडून कार्बुरेटरकडे वळणें ही आजकालच्या हौशी लोकांची लहर नव्हे. विजेच्या इंजेक्शनच्या इतिहासाचें तें पहिलेंच प्रकरण आहे. पुढें बेंडिक्सची ही विद्या परवान्यानें बॉशकडे गेली. दरम्यान ट्रान्झिस्टर सुधारला, अमेरिकेंत धुराविषयींचे कायदे कडक झाले, आणि १९६७ सालीं फोक्सवागन १६०० या गाडीवर बॉशचें ‘डी-जेट्रॉनिक’ आलें. जिन्यावरून एकदां खालीं उतरलेलें यंत्र नऊ वर्षांनीं पुन्हां वर चढलें. आमच्या स्नेह्यांची गाडी याच वंशांतली.

आतां त्या शेडमध्यें परत येऊं. पहिल्या मिस्त्रींनीं काम झपाट्यानें उरकलें. फवारे, त्यांच्या नळ्या, हवेचा दाब मोजणारें यंत्र, उष्णता मोजणारे दोन भाग, थंडींत जादा पेट्रोल देणारी झडप, आणि ती पेटी, हें सर्व त्यांनीं उतरविलें. कार्बुरेटर बसले. पेटीकडे गेलेल्या तारा कापल्या गेल्या. विजेचा पेट्रोलपंप मात्र जागेवरच राहिला आणि त्याची तार त्यांनीं सरळ किल्लीच्या तारेस जोडून दिली. पंपास वीज पाहिजे, किल्ली फिरविली कीं वीज मिळते. तेव्हां हिशेब पुरा झाला, असें त्यांस वाटलें.

किल्ली फिरविली. इंजिन अजून सुरू केलें नव्हतें. पंपाचा गुणगुण आवाज येऊं लागला आणि थांबेना. मिनिटभरांत दोन्ही कार्बुरेटर तोंडापर्यंत भरून पेट्रोल इंजिनावर सांडूं लागलें. शेजारच्या शेडमध्यें वेल्डिंग चाललें होतें. स्नेह्यांनीं किल्ली बंद केली, कोणी तरी बॅटरीची तार ओढून काढली, आणि आम्ही सर्वजण बाहेर उन्हांत येऊन कांहीं वेळ एकमेकांशीं न बोलतां उभे राहिलों.

चूक दुहेरी होती. इंजेक्शनचा पंप दर चौरस इंचास तीसएक पौंड दाब देतो. कार्बुरेटरच्या वाटींतली सुई तीन-चार पौंडांपलीकडे दाब अडवूं शकत नाहीं. ही चूक यांत्रिक, आणि ती लौकर ध्यानांत आली. दुसरी अधिक खोल होती. मूळच्या योजनेंत पंपास वीज देणें न देणें त्या पेटीच्या हातीं होतें. किल्ली फिरवितांच ती पंप क्षणभर चालवी आणि मग इंजिन खरोखर फिरत आहे अशी खूण डिस्ट्रिब्यूटरमधल्या दोन जादा पॉइंटांकडून मिळेपर्यंत तो बंद ठेवी. गाडीस अपघात झाला, इंजिन थांबलें, किल्ली मात्र तशीच राहिली, तर पंप आपण होऊन थांबे. फुटलेल्या नळींतून तापलेल्या लोखंडावर पेट्रोल ओतलें जाऊं नये म्हणून हा पहारा होता. पेटी काढतांना आम्हीं पेट्रोल मोजणारा कारकून काढला असें समजत होतों. प्रत्यक्षांत त्याच्याबरोबर रात्रीचा पहारेकरीहि घालवून बसलों होतों, आणि तो होता हें कोणास माहीतच नव्हतें.

येथें मला इतिहासाच्या अभ्यासकाची जुनी चूक आठवली. एखादी संस्था मोडली जाते तेव्हां तिच्या सनदेंत लिहिलेलीं कामें कोणाकडे तरी सोंपविलीं जातात. परंतु ती संस्था न लिहितां, न बोलतां जीं कामें करीत असे तीं कोणाच्याच वांट्यास येत नाहींत, आणि त्यांची आठवण अनर्थ झाल्यावर होते.

यानंतर काम एका वृद्ध वायरमनकडे गेलें. सारे त्यांस चाचा म्हणतात. तरुणपणीं ते मागावर होते, मग ट्रकच्या वायरिंगकडे वळले. त्यांनीं प्रथम कांहींच जोडलें नाहीं. आठ दिवस ते एकेक तार दोन्ही टोकांपर्यंत शोधीत होते, ताण्यांतला तुटलेला धागा शोधावा त्याप्रमाणें. जर्मन गाड्यांत जोडांवर आंकडे घातलेले असतात, आणि ती एक स्वतंत्र लिपीच आहे. ३० म्हणजे बॅटरीची सदैव जागी असलेली वीज. १५ म्हणजे किल्ली फिरविल्यावर येणारी. ५० म्हणजे स्टार्टर फिरत असेल तेवढ्यापुरती. ३१ म्हणजे गाडीच्या अंगास मिळणारी अर्थिंगची तार. आणि १ म्हणजे कॉइलकडून पॉइंटांकडे जाणारी. चाचांस जर्मन येत नव्हतें, इंग्रजीहि बेताचेंच. पण हे आंकडे त्यांस तोंडपाठ होते. “प्रोफेसरसाहेब,” ते मला म्हणाले, “तार कुठून येते हें कोणीहि सांगेल. ती कोणाच्या हुकुमानें चालते तें विचारा.”

त्यांची योजना अशी होती. जुना पंप काढून कमी दाबाचा नवा पंप बसविला. त्यास वीज थेट दिली नाहीं. मध्यें रिले घातला आणि त्या रिलेची किल्ली इंजिनाच्या तेलाच्या दाबावर चालणाऱ्या एका स्विचकडे दिली. इंजिन फिरत असेल तरच तेलास दाब असतो, आणि दाब असेल तरच पंप चालतो. पण इंजिन सुरू होण्यापूर्वीं दाब नसतो, मग प्रथम पेट्रोल यावें कसें? त्यासाठीं ५० या आंकड्याची एक तार आणली. स्टार्टर फिरत असेल तोंवर पंपास त्या वाटेनें वीज मिळते, आणि इंजिन चालूं झाल्यावर तेलाचा दाब कारभार हातीं घेतो. पहारेकरी परत आला, फक्त त्याचें नांव बदललें.

उरलेलें काम त्या मानानें सोपें होतें. कार्बुरेटरच्या चोकास विजेनें तापणारी एक पट्टी असते, आणि किल्ली बंद केल्यावर इंजिन धडधडत राहूं नये म्हणून बारीक पेट्रोलची वाट बंद करणारी एक विजेची खीळ असते. या दोहोंस १५ ची वीज पाहिजे, आणि ती कॉइलजवळच मिळते. ठिणगीची व्यवस्था या गाडींत पहिल्यापासूनच पेटीच्या ताब्यांत नव्हती. डिस्ट्रिब्यूटरांतलीं वजनें व हवेच्या ओढीनें चालणारा पडदा ठिणगी पुढेंमागें करीत, आणि तेंच चालूं राहिलें. नंतरच्या काळच्या गाड्यांत ही सोय नाहीं. १९७९ पासून बॉशच्या ‘मोट्रॉनिक’ योजनेंत पेट्रोल व ठिणगी हीं दोन्ही कामें एकाच पेटीकडे गेलीं; अशा गाडीची पेटी काढली तर डिस्ट्रिब्यूटरसकट सारी ठिणगी नव्यानें उभी करावी लागते. राज्य जितकें केंद्रित, तितकें तें मोडणें अवघड, हा नियम येथेंहि लागू पडतो.

चाचांनीं आणखी एक गोष्ट केली, आणि या लेखाचें खरें कारण ती आहे. पहिल्या मिस्त्रींनीं कापलेल्या तारा त्यांनीं पुन्हां जोडून सबंध केल्या, प्रत्येक टोंकास चिठ्ठी बांधली, आणि इंजेक्शनच्या वायरिंगचा तो सारा जुडगा, पेटी व फवाऱ्यांसह, जाड कापडांत गुंडाळून एका पेटाऱ्यांत ठेवून दिला. स्नेह्यांस हें व्यर्थ वाटलें. मेलेली पेटी ठेवून काय करावयाचें? चाचा इतकेंच म्हणाले, “उद्यां कोणी शहाणा निघाला तर त्याला शिव्या देण्याची पाळी येऊं नये.”

त्या वेळीं मी हंसलों. पुढें विचार केला तेव्हां हसूं आलें नाहीं. १५ जुलै २०२१ रोजीं भारत सरकारनें मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांस ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी देऊं केली आहे. तिची अट अशी कीं गाडी मूळ स्वरूपांत असावी. सांगाडा, अंग व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे जी गोष्ट कालपर्यंत केवळ रस्त्यावर चालण्याची होती ती आतां पुराव्याची झाली. विजेच्या इंजेक्शनच्या पहिल्या पिढीचा एक अस्सल नमुना भिवंडींत उभा आहे. त्याचें वायरिंग कापून भंगारांत घालणें म्हणजे बखरीचें पान फाडून त्याची पुडी बांधण्यासारखें आहे. परंतु दुसरा पक्षहि खोटा नाहीं. जी गाडी चालत नाहीं ती लौकरच गंजते, आणि गंजलेल्या गाडीचें मूळ स्वरूप घेऊन इतिहासानें काय करावें? या पेचांतून मार्ग एकच दिसतो, आणि तो चाचांनीं नियम न वाचतां काढला होता: बदल असा करावा कीं तो परत फिरवितां येईल, आणि जें काढलें त्याची खूण नीट ठेवावी.

हा विवेक आतां अधिक निकडीचा झाला आहे. आपल्या देशांत २००० सालापासून धुराचे नियम लागू होत गेले तसा मोटारींतून कार्बुरेटर नाहींसा झाला. १ एप्रिल २०२० पासूनच्या नियमांनीं तो मोटारसायकलींवरूनहि जवळजवळ गेला. हवा स्वच्छ राहावी म्हणून झालेला हा बदल योग्यच होता, आणि जुन्या एखाद्या गाडीचें उदाहरण देऊन कोणी नव्या गाडीवर कार्बुरेटर चढवूं लागेल तर तो गुन्हाच म्हणावा लागेल. पण त्याबरोबर एक विद्याहि जात आहे. कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेल्या पद्मिनी गाड्यांनीं मुंबईची टॅक्सी म्हणून कित्येक दशकें काढलीं; ऑक्टोबर २००३ मध्यें नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर कानानें इंजिन ऐकून पेट्रोलचा स्क्रू फिरविणारे हातहि निवृत्त होत आहेत. गंमत अशी कीं जुन्या इंजेक्शनची पेटी दुरुस्त करणारा मिळत नाहीं म्हणून आम्ही कार्बुरेटरकडे वळलों. आणखी वीस वर्षांनीं कार्बुरेटर जाणणारा मिळणार नाहीं, आणि तेव्हां त्या पेटाऱ्यांतली पेटी जिवंत करणारा एखादा तरुण कदाचित् मिळेल. तेव्हां माघार कोणती आणि पुढचें पाऊल कोणतें?

भिवंडीस हें सांगण्याची खरें तर जरुरी नाहीं. मुंबईच्या गिरण्यांनीं मोडींत काढलेले माग या गांवानें विकत घेतले, त्यांचे भाग बदलले, पट्टे बदलले, आणि त्यांवर आपला संसार उभा केला. गिरणीच्या दृष्टीनें जें मागें पडलें होतें तें येथें पुढें गेलें. इंग्रजींत मागाला ‘लूम’ म्हणतात, आणि मोटारीच्या वायरिंगच्या जुडग्यालाहि विलायती कारागीर त्याच शब्दानें ओळखतात. जुन्या विलायती गाड्यांत त्या तारांवर सुताची वीणच असे. चाचांस मी हें सांगितलें तेव्हां त्यांस मुळींच आश्चर्य वाटलें नाहीं. मागावर काय आणि गाडींत काय, धागा कोठून सुटला हें कळल्यावांचून गांठ मारूं नये, असें ते म्हणाले, आणि पुढच्या ट्रककडे वळले.

गाडी आतां चालते. महिन्यांतून एकदां स्नेही ती वज्रेश्वरीच्या रस्त्यानें फिरवून आणतात. पेटारा त्यांच्या माळ्यावर आहे, आणि त्यावर काय काय आहे याची यादी त्यांच्या मुलीनें स्वच्छ अक्षरांत लिहून चिकटविली आहे.